कापडगिरण्यांचे बार्सिलोना : प्रस्तावना

स्पेनच्या ईशान्येला, भूमध्य समुद्राच्या काठी वसलेले बार्सिलोना ही कातालोनिया प्रांताची राजधानी. साधारण १८८० ते १९१५ या काळात तिथे जी घरे, जे रुग्णालय, जे संगीतगृह आणि जे अजून पुरे न झालेले चर्च उभे राहिले, त्यांच्यासाठी आज जगभरातून माणसे या शहरात येतात. या शैलीला तिथले लोक ‘मुदर्निझ्मा’ म्हणतात. चंदीगडला ल कॉर्ब्युझिएने आणली ती सरळ रेषांची, अलंकार टाळणारी काँक्रीटची आधुनिकता आणि ही शैली यांची गल्लत करू नये. इथे भिंती वळणे घेतात, कठड्यांवर लोखंडी वेली चढतात, छतातून रंगीत काच उजेड गाळून देते. पॅरिस आणि ब्रसेल्समध्ये याच सुमारास बहरलेल्या ‘आर नुव्हो’शी तिचे नाते आहे, पण तिच्यामागचा पैसा, राजकारण आणि कारागिरी पूर्णपणे कातालान आहे. कठोर आधुनिकतेचा एक नमुनाही या शहरात आहे. मीस व्हान डेर रोहे याने १९२९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेला जर्मन मंडप पुढच्याच वर्षी उतरवला गेला आणि १९८६ मध्ये जागच्या जागी पुन्हा उभारला गेला. तो विषय वेगळा.

पर्यटकांसाठीच्या बहुतेक पुस्तकांत बार्सिलोना म्हणजे आंतोनी गाउदी, आणि गाउदी म्हणजे कोणाचे ऐकून न घेणारा एकांडा अवलिया, असे चित्र असते. ते सोयीचे आहे, पण अपुरे आहे. गाउदी आणि त्याच्या समकालीनांकडून बांधून घेणाऱ्यांची नावे पाहावीत : काल्वेत, बात्यो, ग्वेल, त्रिन्शेत, कासारामोना. हे सगळे कापडाच्या धंद्यातले. या शहराची वास्तुकला सुतावर उभी आहे, आणि ती तशी पाहिली की तिचा चमत्कारिकपणा कमी होऊन अर्थ वाढतो. सोलापूरच्या वाचकाला या बाबतीत इतरांपेक्षा एक सोय अधिक आहे. भोंगा, चिमणी, चाळ आणि संप या गोष्टी त्याला पुस्तकातून समजून घ्याव्या लागत नाहीत.

बार्सिलोनाच्या कापडधंद्याची सुरुवात हिंदुस्थानाशी जोडलेली आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोपला हिंदी छापील सुती कापडाचे वेड लागले होते. सुरतेहून आणि मच्छलीपट्टणहून जाणारे हे कापड हलके, धुतले तरी रंग न सोडणारे आणि लोकरीपेक्षा कितीतरी सोयीचे. स्पेनच्या राजाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला अशा आशियाई कापडाच्या आयातीवर बंदी घातली, आणि बंदीने नेहमी होते तेच झाले : माल येईनासा झाला, मागणी मात्र तशीच राहिली. १७३० च्या दशकात बार्सिलोनात हेच कापड छापण्याचे कारखाने निघाले. तिथे त्या कापडाचे नावच ‘इंडियानस’ पडले. म्हणजे या शहराच्या औद्योगिक इतिहासाचे पहिले पान हिंदी छपाईची नक्कल करण्यात लिहिले गेले. मँचेस्टरच्या कापडाने हिंदी विणकर देशोधडीला लागला ही कथा मराठी वाचकाला पाठ आहे. तिच्या आधीचा हा अध्याय मात्र फारसा कोणी सांगत नाही.

१८३३ मध्ये बोनाप्लाता यांच्या गिरणीत वाफेचे इंजिन सुरू झाले. दोनच वर्षांनी दंगलीत जमावाने ती गिरणी जाळली. १८५४ मध्ये सूतकताईच्या स्वयंचलित यंत्रांविरुद्ध कामगारांनी असेच रान उठवले. यंत्र थांबले नाही. जुन्या तटबंदीच्या आत आणि मग बाहेरच्या सांत्स, सांत मार्ती या गावांत चिमण्या वाढत गेल्या, इतक्या की सांत मार्तीला लोक कातालोनियाचे मँचेस्टर म्हणू लागले. (कापडाचा धंदा वाढला की गावाला मँचेस्टरची उपमा मिळायचीच. इचलकरंजीलाही ती चुकलेली नाही.) कापूस अमेरिकेतून येई. त्यामुळे १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत कातालान गिरण्यांची उपासमार झाली. त्याच युद्धाने मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांना रातोरात श्रीमंत केले आणि ते संपताच बुडवलेही.

तयार कापडाचे हक्काचे गिऱ्हाईक म्हणजे क्युबा. ते बेट १८९८ पर्यंत स्पेनच्या ताब्यात होते आणि तिथले उसाचे मळे १८८६ पर्यंत गुलामांच्या कष्टावर चालत. जुआन ग्वेल याने क्युबात पैसा कमावला, परत येऊन सांत्समध्ये ‘वापोर वेल’ ही गिरणी काढली. त्याच्या मुलाने, एउसेबीने, आंतोनियो लोपेस या जहाजमालकाच्या मुलीशी लग्न केले. लोपेसच्या संपत्तीत गुलामांच्या व्यापाराचा वाटा होता, आणि त्याच कारणासाठी बार्सिलोना महापालिकेने २०१८ मध्ये त्याचा पुतळा चौकातून काढला. गाउदीचा सर्वांत मोठा आश्रयदाता म्हणून एउसेबी ग्वेलचे नाव आदराने घेतले जाते. ते घेताना या पैशाचा उगम विसरू नये.

एवढा पैसा असूनही बांधायला जागा नव्हती. १८५४ पर्यंत शहराला तटबंदी होती आणि तिच्याबाहेर लष्करी कारणांसाठी बांधकामाला मनाई होती. आत माणसांची दाटी, वारंवार पटकीची साथ. तटबंदी पाडायला परवानगी मिळाल्यावर महापालिकेने स्पर्धा घेऊन एक आराखडा निवडला. माद्रिदच्या सरकारने तो बाजूला सारून इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याचा आराखडा लादला. त्या वेळी बार्सिलोनाकर चिडले होते. आज त्याच आराखड्यावर शहराचा अभिमान पोसलेला आहे. सेर्दाने कामगारांच्या घरांची, उत्पन्नाची आणि मृत्यूंची पाहणी केली होती. ऊन, वारा आणि झाडी प्रत्येकाच्या वाट्याला यावी म्हणून त्याने ११३ मीटर बाजूचे चौरस आखले, त्यांच्यामध्ये २० मीटर रुंदीचे रस्ते ठेवले आणि प्रत्येक चौरसाचे कोपरे तिरके कापले. त्यामुळे प्रत्येक चौक अष्टकोनी आणि मोकळा झाला. चौरसाच्या दोनच बाजूंना इमारती आणि मध्ये बाग, ही त्याची कल्पना. जमीनमालकांनी चारही बाजू बांधून काढल्या, मजले वाढवले आणि बहुतेक बागा गिळल्या. आराखडा आणि जमिनीचा भाव यांच्या भांडणात कोण जिंकतो हे कोणत्याही भारतीय शहरातल्या माणसाला सांगायला नको. तरीही रस्ते वाचले, कोपरे वाचले. एशाम्प्ला, म्हणजे वाढीव वस्ती, या नावाच्या त्या जाळ्यातच मुदर्निझ्माची बहुतेक घरे आहेत.

पैसा होता, जागा मिळाली. बांधायचे कशासाठी, याचे उत्तर राजकारणाने दिले. कातालान भाषा दीडशे वर्षे राज्यकारभारातून हद्दपार होती. एकोणिसाव्या शतकात तिच्या साहित्याचे पुनरुज्जीवन झाले आणि व्यापारी वर्गाला आपण माद्रिदपेक्षा पुढे आहोत हे दाखवून द्यायचे होते. वास्तुविशारद लुईस दोमेनेक इ मुंताने याने १८७८ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, राष्ट्रीय वास्तुकलेच्या शोधाविषयी एक लेख लिहिला. जुन्या शैलींची नक्कल न करता त्यांच्यातून शिकावे, नवी साधने आणि नवे विज्ञान वापरावे, असा त्याचा सूर होता. दहा वर्षांनी, १८८८ मध्ये, शहराने जागतिक प्रदर्शन भरवले. त्यासाठी जागा निवडली ती सियुतादेलाची, जिथे १७१४ मध्ये शहर जिंकून घेतल्यावर स्पेनच्या राजाने त्याच्यावर तोफा रोखणारा किल्ला बांधला होता. प्रदर्शनासाठी उभारलेली विटांची कमान आणि दोमेनेकचे उपाहारगृह आजही पाहता येते. दोन्ही बांधकामांत वीट लपवलेली नाही, ती उघडी मिरवली आहे. वीट हे गरिबाचे साहित्य आहे असे समजणाऱ्यांना ते धक्कादायक वाटले असणार.

विटेचा हा मान योगायोगाने आलेला नाही. कातालान गवंड्यांकडे एक जुनी विद्या होती : पातळ विटा किंवा कौले आडवी मांडून, लवकर घट्ट होणाऱ्या गिलाव्याने एकमेकींना चिकटवत, खाली फारसा आधार न देता कमानदार छत उचलायचे. लाकूड कमी लागते, वजन कमी होते, आगीची भीती कमी. गिरण्यांची छते अशीच बांधली जात आणि गाउदीचे जिनेही. लोहार, काचकाम करणारे, कुंभार, सुतार, दगडावर नक्षी कोरणारे यांच्या कार्यशाळा शहरात भरल्या होत्या. गाउदी स्वतः तांबटाच्या घरात जन्मला (१८५२). पत्रा वाकवून पोकळ वस्तू घडवणारे हात त्याने लहानपणापासून पाहिले होते. आणि फुटलेल्या टाइल्स, बशा, बाटल्यांचे तुकडे ओल्या चुन्यात बसवून वाकड्या पृष्ठभागावर नक्षी करण्याची ‘त्रेन्कादीस’ ही पद्धत तर काटकसरीचा आणि भूमितीचा दुहेरी फायदा करून देणारी. अखंड टाइल गोलाव्यावर बसत नाही, तुकडा बसतो.

गाउदीच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक बार्सिलोनाजवळच्या मातारो या गावी आहे. तिथल्या कापडकामगारांच्या सहकारी संस्थेसाठी त्याने १८८३ मध्ये सूत पांढरे करण्याची एक शेड बांधली. लाकडाच्या छोट्या फळ्या बोल्टने जोडून त्याने उंच कमानी केल्या आणि मधला खांब नाहीसा केला. पुढे साग्रादा फामिलिया या त्याच्या अजून पुऱ्या न झालेल्या चर्चपर्यंत जाणारी त्याची कमान प्रथम दिसते ती या ब्लीचिंग खात्यात. गाउदीच्या चाहत्यांपैकी फार थोडे तिथे जातात.

१८९८ ते १९०० मध्ये त्याने कापड कारखानदार काल्वेत कुटुंबासाठी कास्प रस्त्यावर घर बांधले. त्याच्या घरांपैकी हे सर्वांत सौम्य. महापालिकेचे उत्तम इमारतीचे बक्षीस याच घराला मिळाले. दाराशी उभे असलेले खांब जरा निरखून पाहिले तर ते बाबिणींच्या आकाराचे आहेत. गिऱ्हाइकाच्या धंद्याला केलेला हा नमस्कार गिरणीतल्या माणसाच्या नजरेतून सुटणार नाही. त्यानंतर आला कासा बात्यो (१९०४–०६). जोसेप बात्यो हाही कापडवाला. जुने घर पाडून नवे बांध, असे त्याचे म्हणणे होते. गाउदीने पाडू दिले नाही, आतून-बाहेरून बदलले. दर्शनी भागावरचे मुखवट्यासारखे सज्जे आणि खवल्यांचे छप्पर यांचे फोटो सगळे काढतात. वास्तुकला म्हणून खरी हुशारी मधल्या उजेडाच्या चौकात आहे. वरच्या मजल्यांच्या टाइल्स गडद निळ्या, खाली येता येता फिक्या, आणि खिडक्या खाली मोठ्या, वर लहान. त्यामुळे खालच्या आणि वरच्या खोलीला जवळपास सारखाच प्रकाश मिळतो. हे पाहिल्यावर गाउदीला लहरी म्हणवत नाही.

कासा मिला (१९०६–१२) कासा बात्योच्याच रस्त्यावर, पासेच दे ग्रासियावर, थोडी पुढे. दगडाच्या लाटांमुळे लोकांनी तिला ‘ला पेद्रेरा’, म्हणजे दगडाची खाण, असे चिडवले. ते नाव चिकटले. हा दगडी दर्शनी भाग इमारतीचा भार घेत नाही. भार आतले खांब घेतात, म्हणून भाडेकरूला भिंती हव्या तिथे हलवता येतात. सर्वांत वर विटांच्या २७० कमानींचा पोटमाळा आहे. आज लोक तो देवळाच्या गाभाऱ्यासारखा शांतपणे पाहतात. मूळ उपयोग : भाडेकरूंचे कपडे धुऊन वाळवणे.

गाउदीभोवती एवढी गर्दी असते की त्याच्या दोन समकालीनांवर अन्याय होतो. दोमेनेकचे पालाउ दे ला मूझिका (१९०५–०८) हे ऑर्फेओ काताला या गायकवृंदाचे घर. शहरातल्या सर्व थरांतील लोक या वृंदात गात. जुन्या गावातल्या अरुंद गल्लीत, वेड्यावाकड्या तुकड्यावर दोमेनेकने लोखंडी सांगाडा उभा केला आणि भिंतींच्या जागी काच लावली, त्यामुळे दुपारची मैफल दिव्यांशिवाय होऊ शकते. छताच्या मध्यभागी रंगीत काचेचा उलटा घुमट थेंबासारखा खाली उतरतो. अलंकार इतका आहे की डोळा दमतो, हे मान्य करावे लागेल. त्याचे दुसरे काम मात्र या चळवळीतले सर्वश्रेष्ठ म्हणावे असे आहे : सांत पाउ रुग्णालय (१९०२–३०). पाउ जिल या बँकरच्या देणगीतून ते सुरू झाले आणि दोमेनेकच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाने पुरे केले. नऊ चौरसांएवढ्या जागेत बागेमध्ये सुटे सुटे वॉर्ड, ज्यायोगे एका साथीचा रोगी दुसऱ्याच्या वाऱ्यालाही येऊ नये. रोगी, जेवण आणि कपडे यांची ने-आण जमिनीखालच्या बोगद्यांतून. सगळा परिसर सेर्दाच्या जाळ्याशी ४५ अंशांत फिरवलेला आहे, आणि वॉर्डांच्या छतांवर फुले, भिंतींवर चिनी मातीची चित्रे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची नजर छताकडे असते, याचा विचार करून केलेली. २००९ पर्यंत इथे रुग्ण दाखल होत. आज ते पाहण्यासाठी खुले आहे आणि पालाउसह १९९७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. बार्सिलोनात एकच इमारत पाहायला वेळ असेल तर साग्रादा फामिलिया सोडून इथे यावे, असे ठामपणे सांगता येते.

तिसरा जोसेप पुच इ कादाफाल्क. हा पुढे कातालोनियाच्या प्रादेशिक सरकारचा अध्यक्ष झाला. शैली आणि राजकारण यांचे नाते किती जवळचे होते ते यावरून दिसते. चॉकलेटवाल्या आमात्येरचे पायऱ्यापायऱ्यांच्या माथ्याचे घर त्याचे, कासा बात्योला अगदी खेटून. पण सोलापूरच्या वाचकाने पाहायची ती त्याची कासारामोना गिरणी, मोंजुईक टेकडीच्या पायथ्याशी, १९०९ ते १९१३ च्या दरम्यान बांधलेली. मालकाचा माल चादरी आणि टॉवेल. विजेवर चालणारी असल्याने हिला चिमणी नाही. जे दोन मनोरे दिसतात ते पाण्याच्या टाक्यांसाठी. आगीचा धोका ओळखून खाती सुट्या शेडमध्ये विभागली आणि मध्ये रस्ते सोडले. छते त्याच कातालान विटांच्या कमानींची, बिडाच्या खांबांवर पेललेली. गिरणी फार तर सात-आठ वर्षे चालली. मग गोदाम, मग पोलिसांच्या घोडदळाची बराक आणि २००२ पासून एका बँकेच्या प्रतिष्ठानाचे कलादालन, असा तिचा प्रवास झाला. चित्रप्रदर्शन पाहायला आलेली माणसे वर मान करून छतच जास्त पाहतात.

या सौंदर्याच्या पलीकडे कामगारांचे बार्सिलोना होते. १८९३ मध्ये श्रीमंतांच्या लिसेऊ नाट्यगृहात प्रेक्षकांवर बाँब फेकला गेला. १९०२ मध्ये सार्वत्रिक संप झाला. जुलै १९०९ मध्ये मोरोक्कोच्या युद्धावर गरिबांची सक्तीने भरती करण्याविरुद्ध शहर पेटले, चर्च आणि मठ जळाले आणि लष्कराने तो उठाव चिरडला. कासा मिलाचे काम तेव्हा चालू होते. तिच्या माथ्यावर मेरीमातेची मोठी मूर्ती बसवायची होती, तो बेत मालकांनी नंतर सोडून दिला. साग्रादा फामिलियाच्या एका दरवाजात गाउदीने सैतान कामगाराच्या हातात बाँब देत असल्याचे शिल्प करून घेतले. मालकाच्या बाजूचे मत दगडात इतके उघड क्वचितच कोरले गेले असेल. १९१९ मध्ये वीज कंपनीच्या कामगारांनी शहर अंधारात ठेवले आणि त्या संपानंतर स्पेनमध्ये आठ तासांच्या दिवसाचा कायदा झाला.

ग्वेलने या अशांततेतून १८९० मध्येच वाट काढली होती. सांत्समधली गिरणी त्याने शहराबाहेर सांता कोलोमा दे सेर्वेयो इथे नेली आणि तिच्याभोवती कामगारांची घरे, शाळा, नाट्यगृह, दवाखाना असे गावच वसवले. ते कोलोनिया ग्वेल. सोयी चांगल्या होत्या, पण घर, शाळा, चर्च आणि पगार सगळे एकाच मालकाच्या हाती, हेही तितकेच खरे. तिथल्या चर्चसाठी गाउदीने छताला दोऱ्या टांगून त्यांना छऱ्यांच्या पिशव्या बांधल्या. दोऱ्या वजनाने जो आकार घेतात तो उलटा केला की कमानीचा सर्वांत काटकसरी आकार मिळतो. अनेक वर्षे त्याने हा प्रयोग केला. १९१४ मध्ये पैसा थांबला तेव्हा फक्त तळघर पुरे झाले होते.

इथे सोलापूर आठवणे अपरिहार्य आहे. १८७० च्या दशकात मुंबईच्या मोरारजी गोकुळदास यांनी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग ही गिरणी, म्हणजे ‘जुनी मिल’, काढली. मग नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम. तेलंगणातून आलेला पद्मशाली विणकर, आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतला शेतकरी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमातींसाठी सरकारने तारेच्या कुंपणात उभारलेली सेटलमेंट, या सगळ्यांतून कामगार आला. मे १९३० मध्ये याच कामगारांच्या शहरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि पुढच्या जानेवारीत मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिले गेले. कापूस, चिमणी, चाळ, संप, गोळीबार : बार्सिलोनाच्या इतिहासातली बहुतेक पात्रे सोलापुरात आहेत.

नाही ती मालकांच्या घरांची रांग. मोरारजी मुंबईचे, राजा नरसिंगगिरजी हैदराबादचे, जाम मिलला नाव जामनगरच्या राजाचे. नफ्याचा मोठा भाग गावाबाहेर गेला आणि वाडे बांधले गेले असतील ते तिकडे. बार्सिलोनाचा गिरणीमालक ज्या रस्त्यावर राहत होता त्याच रस्त्यावर त्याला शेजाऱ्यापेक्षा वरचढ दिसायचे होते. सोलापुरात अशी चुरस लागलीच नाही. स्थानिक धनिकाने आपल्या गावात मनापासून बांधले तर काय होते याचा पुरावा म्हणून इंद्रभुवन उभे आहे. अप्पासाहेब वारद यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली ही देखणी वास्तू आज महापालिकेचे मुख्यालय आहे. देशी आणि युरोपीय अलंकार एकाच दर्शनी भागावर नांदवणारी ही इमारत काळाने कासा काल्वेतची समवयस्क. दाखला घ्यायला किंवा कर भरायला आलेल्या माणसाचे तिच्याकडे लक्ष जात नाही.

गिरण्यांचे पुढे काय झाले, यात दोन्ही शहरांचे रस्ते वेगळे झाले. जुनी मिल १९४९ मध्ये बंद पडली. १९५० मध्ये केंद्र सरकारने तिचा कारभार हाती घेतला, आणि त्यावरून झालेला सर्वोच्च न्यायालयातला खटला कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. गिरणी मात्र वाचली नाही, आणि बाकीच्या मोठ्या गिरण्याही एकामागून एक थंडावल्या. बार्सिलोनातही सुरुवातीला याहून बरे काही घडत नव्हते. १९२० नंतरच्या पिढीला मुदर्निझ्मा भडक आणि गावंढळ वाटू लागली होती. पालाउ पाडून टाका, असे लिहिणारे टीकाकार निघाले. १९४३ मध्ये दोमेनेकच्या कासा लेओ मोरेराचा तळमजला दुकानासाठी फोडला गेला, शिल्पांसकट. त्रिन्शेत या कापड कारखानदाराचे पुच इ कादाफाल्कने बांधलेले घर १९६८ मध्ये भुईसपाट झाले. मत बदलले ते हळूहळू : अभ्यासकांच्या संस्था, परदेशातली प्रदर्शने, १९८४ मध्ये गाउदीच्या तीन वास्तूंचा जागतिक वारसा यादीत समावेश, १९९२ चे ऑलिंपिक. गिरण्यांकडे लक्ष जायला आणखी वेळ लागला आणि शेजारच्या रहिवाशांना त्यासाठी भांडावे लागले. आज वापोर वेलमध्ये सार्वजनिक ग्रंथालय आणि शाळा आहे. पोब्लेनोऊ भागात नव्या काचेच्या इमारतींमध्ये जुन्या चिमण्या राखलेल्या दिसतात. नुसती चिमणी राखून गिरणी पाडणे हा वारसा जपण्याचा स्वस्त मार्ग आहे, अशी टीकाही तिथेच ऐकू येते, आणि ती बरोबर आहे.

साग्रादा फामिलियाविषयी थोडक्यात. काम सुरू झाले १८८२ मध्ये दुसऱ्याच वास्तुविशारदाकडून. वर्षभरात ते गाउदीकडे आले. जून १९२६ मध्ये ट्रामच्या धडकेने तो मेला तेव्हा मनोऱ्यांपैकी एकच पुरा झाला होता. १९३६ च्या यादवीत त्याचे नमुने फोडले गेले. तुकडे जोडून, पुढे संगणकाच्या मदतीने काम चालू राहिले, आणि ते चालते देणग्या व तिकिटांवर. मधल्या मनोऱ्याची आखलेली उंची १७२.५ मीटर. गाउदीच्या हयातीतला पूर्वेचा जन्म-दर्शनी भाग आणि नंतरचा पश्चिमेचा भाग यांत फरक कोणालाही जाणवतो. नव्या कोरीव कामात जुन्याचा ओलावा नाही. आत मात्र झाडांसारखे फाकणारे खांब आणि रंगीत काचांचा उजेड यांपुढे तक्रार टिकत नाही. सकाळी पूर्वेकडून निळा-हिरवा, संध्याकाळी पश्चिमेकडून तांबडा-पिवळा. म्हणून तिकिटाची वेळ विचार करून निवडावी.

प्रत्यक्ष पाहताना क्रम कसा ठेवावा? पहिला दिवस पायी एशाम्प्लात काढावा : कास्प रस्त्यावरचा काल्वेत, मग पासेच दे ग्रासियावरचे लेओ मोरेरा, आमात्येर, बात्यो आणि मिला. सगळ्यांच्या आत जायची गरज नाही, तिकिटे महाग आहेत. मिलाचा पोटमाळा आणि बात्योचा उजेडाचा चौक यांवर खर्च करावा. दुसऱ्या दिवशी सांत पाउ आणि तिथून सरळ रस्त्याने वीस मिनिटांच्या आत साग्रादा फामिलिया. राहिले गाउदीचे पार्क ग्वेल. ती मुळात साठ भूखंडांची श्रीमंत वसाहत होणार होती. घरे झाली दोनच, योजना फसली आणि महापालिकेने ती जागा विकत घेऊन बाग केली. तिच्या मुख्य भागाला आता तिकीट आहे आणि गर्दी असह्य असते. रहिवाशांचा पर्यटकांवरचा राग गेल्या काही वर्षांत मोर्च्यांतून बाहेर पडला आहे, तेव्हा वागणे पाहुण्यासारखे ठेवावे. मोठ्या वास्तूंची तिकिटे ठरावीक वेळेची असतात आणि आधीच काढावी लागतात. पाट्या कातालान भाषेत असतात. ऑगस्टचा उकाडा सोलापूरकराला नवा नसला तरी दमटपणा नवा आहे. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बरा.

आणि एक सकाळ कोलोनिया ग्वेलसाठी राखून ठेवावी. प्लासा एस्पान्याहून उपनगरी रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत तिथे पोचता येते, स्टेशनलाही त्याच वसाहतीचे नाव आहे, आणि कासारामोना गिरणी त्याच चौकापासून चालण्याच्या अंतरावर असल्याने परतताना तीही पाहून होते.